ठिपका कागलच्या पुढं गेला

दिवाळीच्या सुटीत मला पुण्याला लेकीकडं जायचं होतं. बसचं तिकीट काढायला निघालेच होते, तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. "आक्का, बसनं कशाला जातीस? मी सोमवारी रात्री चाकणला चाललोय. किन्नर सुटीवर गेलाय, केबिनमध्ये जागा आहे. मालकांना विचारलंय मी. पहाटे तुला वाकडला उतरवतो."

खरं सांगते, आधी जरा कचरले. ड्रायव्हरची मुलगी आणि ड्रायव्हरची बहीण असूनही रात्रीचा ट्रकचा प्रवास मी कधी केला नव्हता. आमच्या आप्पांनी तीस वर्षं ट्रक चालवला, पण आम्हा मुलांना गाडीत बसवलं ते घरापासून गल्लीच्या टोकापर्यंतच. "ही बसायची जागा न्हवं," म्हणायचे. आता वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी का होईना, आप्पांचा रस्ता एकदा त्यांच्या उंचीवरून बघावा असं वाटलं आणि मी हो म्हटलं.

सोमवारी संध्याकाळी उद्यमबागेत गाडी भरली. आमच्या बेळगावची फाउंड्री तुम्हाला ठाऊकच आहे. इथं ओतलेली कास्टिंग्ज पुण्याकडच्या कारखान्यांत जातात. ताडपत्री आवळून, बिल्टी आणि ई-वे बिलाचे कागद खिशात घालून भाऊ केबिनमध्ये चढला. उदबत्ती लावली, स्टीअरिंगला हात लावून नमस्कार केला आणि मग डॅशबोर्डच्या खाली वाकून कसल्याशा बारीक हिरव्या दिव्याकडं बघितलं.

"काय रे ते?"

"जीपीएस. देवाला झाला, आता ह्याला नमस्कार," तो हसत म्हणाला.

त्या रात्रीचा प्रवास मला आज वाचकांना सांगायचा आहे तो ह्या काड्यापेटीपेक्षा थोड्या मोठ्या काळ्या डबीमुळं. आपल्या भागातल्या कितीतरी घरांतली माणसं ह्या रस्त्यावर रात्र काढतात. कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा, कुणाचा मावसभाऊ. त्या घरांतल्या बायकांनी तरी हे वाचावं असं मला वाटतं.

गाडी काकती सोडून वंटमुरीच्या घाटाकडं लागली. ट्रकच्या केबिनमधून रस्ता वेगळाच दिसतो. कारमध्ये बसून आपण रस्त्यावर असतो, इथं आपण रस्त्याच्या वर असतो. खालून मोटारसायकली सुळकन निघून जातात, तेव्हा पोटात गोळा येतो. सहापदरीकरणाची कामं चालू होती, जागोजागी वळवलेला रस्ता, लाल-पांढरे पिंप, धूळ. उतारावर गाडीनं जरा वेग घेतला तसा डबीतून 'टी टी' असा आवाज आला. भावानं पाय हलका केला. आवाज थांबला.

"असा ओरडतोय होय हा?"

"मालकांनी मर्यादा लावून ठेवलीय. तिच्यावर गेलं की ओरडतो. शिवाय तिकडं ऑफिसात नोंद होते ती वेगळीच."

मी शाळेत विज्ञान शिकवते. साहजिकच डबीची चौकशी सुरू केली. आपल्याकडं बऱ्याच जणांचा समज असतो की वर उपग्रह फिरतो आणि तो आपली गाडी बघत असतो. आमच्या आप्पांचाही तोच समज होता. खरं तर उपग्रहाला आपली गाडी दिसत नाही. जीपीएस ही अमेरिकेची व्यवस्था. तिचे चोवीसहून अधिक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात आणि सतत एवढंच सांगत असतात, 'मी अमुक, आत्ता मी इथं आहे, आत्ताची वेळ ही.' गाडीतली डबी ते नुसतं ऐकते. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की ते पोचायला लागलेल्या वेळावरून आपण कुठं आहोत ह्याचं गणित ती स्वतः करते. पुढचं काम मोबाईलचं. डबीत एक सिमकार्ड असतं. त्यावरून ती ठिकाण, वेग, इंजिन चालू की बंद, अशी माहिती थोड्या थोड्या वेळानं मालकाच्या संगणकाकडं पाठवते. घाटात रेंज नसली तर नोंदी पोटात साठवून ठेवते आणि रेंज आली की सगळ्या एकदम पाठवते.

सामान्य लोकांना मिळणारा जीपीएसचा संदेश अमेरिका पूर्वी मुद्दाम थोडा बिघडवून देत असे. मे २००० मध्ये ते बंद झालं आणि तिथून पुढं ही यंत्रं सगळ्या जगाच्या कामाची झाली. आपल्या देशानंही जुलै २०१३ मध्ये आपल्या स्वतःच्या व्यवस्थेतला पहिला उपग्रह सोडला. तिला 'नाविक' असं सुरेख नाव आहे. २०१९ पासून नव्या प्रवासी बसगाड्या आणि टॅक्सींना अशी डबी आणि संकटात दाबायचं बटण सक्तीचं झालं. आमच्या भावाच्या मालकांनी मात्र त्याच्या आधीच, २०१६ सालीच, आपल्या सातही ट्रकना ती बसवून घेतली होती.

"तेव्हा काय वाटलं तुला?" मी विचारलं.

"काय वाटायचं? गळ्यात पट्टा बांधल्यासारखं वाटलं. आम्ही सगळे ड्रायव्हर चिडलो होतो. एकानं तर वायरच उपटली. मीपण काम सोडणार होतो."

"मग?"

"मग आप्पांनी अडवलं."

हत्तरगीचा टोलनाका गेला, संकेश्वर आलं. रस्त्याकडेच्या धाब्यावर चहा घेतला. धाबेवाला भावाशी कन्नडमध्ये बोलत होता, शेजारच्या बाकावरचा ड्रायव्हर मराठीत, आणि भाऊ दोघांनाही ज्याच्या त्याच्या भाषेत उत्तर देत होता. आपल्याकडं हे कुणाच्या लक्षातही येत नाही. चहा संपवून निघालो आणि अर्ध्या-पाऊण तासात तवंदीचा घाट लागला. भाऊ गप्प झाला. मीही गप्प झाले. आमच्या घरात ह्या घाटाचं नाव सहसा कुणी काढत नाही.

ते साल १९८७. मी अकरा वर्षांची होते. पावसाळ्याचे दिवस. आप्पा तेव्हा गावातल्याच एका मालकाची गाडी चालवायचे. पुण्याहून माल भरून येताना ह्या घाटात एक ट्रक आडवा झाला आणि दोन्ही बाजूंची वाहतूक खोळंबली. तेव्हा रस्ता दुपदरी, अरुंद. आप्पा रात्री नऊला अडकले ते सकाळी सहाला सुटले. गाडी दर पाच-दहा मिनिटांनी चार हात पुढं घ्यायची, चढावर इंजिन बंद करायची सोय नाही. डिझेल जळत राहिलं. घरी आई रात्रभर दाराशी. फोन गल्लीत एकाच घरात, आणि तो वाजला तरी आप्पा करणार कुठून?

दुसऱ्या दिवशी आप्पा पोचले तेव्हा मालकांनी हिशेब घातला. नऊ तास उशीर, डिझेल कमी. त्यांनी म्हटलं, मध्ये कुठंतरी चोरटं भाडं मारलंस आणि डिझेल विकलंस. आप्पा सांगत राहिले. आडव्या ट्रकचं, घाटातल्या रांगेचं, पावसाचं. साक्षीला कोण? रांगेतले ड्रायव्हर कोण कुठले. पगारातून डिझेलचे पैसे कापले आणि वर काम गेलं. पैशाचं दुःख आप्पांनी कधी केलं नाही. पण 'चोर' हा शब्द त्यांच्या छातीत रुतून बसला तो बसलाच. पुढं दुसऱ्या मालकांकडं वीस वर्षं गाडी चालवली, एकही तक्रार आली नाही. तरी दिवाळीला सगळे जमलो की कधीतरी मध्येच म्हणायचे, "नऊ तास उभा होतो मी. नऊ तास."

घाट उतरताना भावानं गाडी खालच्या गिअरमध्ये घेतली आणि सांगितलं, "२०१६ ला मी काम सोडतो म्हटल्यावर आप्पा काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, 'सत्याऐंशी साली ही डबी माझ्या गाडीत असती तर मला कुणी चोर म्हटलं नसतं. तू ती उपटू नको. ती तुझी साक्षीदार आहे.' मला तेव्हा पटलं नाही. म्हातारा काहीतरी बोलतो म्हणून राहिलो. पण दोनच वर्षांत मला त्याचा अर्थ कळला."

झालं होतं असं. एका कारखान्याच्या गेटवर गाडी पहाटे पाचला पोचली आणि खाली व्हायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली. अशा खोळंब्याचे पैसे मिळतात, त्याला 'हॉल्टिंग' म्हणतात. त्यातला काही भाग ड्रायव्हरच्या भत्त्यातही येतो. कारखान्यानं सांगितलं, तुमची गाडी मुळी दुपारी बाराला आली. पूर्वी विषय तिथंच संपायचा. मोठ्या कारखान्यापुढं ड्रायव्हरचं कोण ऐकतो? ह्या वेळी मालकांनी नोंद काढून पाठवली. गाडी गेटपाशी कधी आली, इंजिन कधी बंद झालं, पुढं किती तास जागेवरून हलली नाही, मिनिटामिनिटाचा हिशेब. पैसे आले. फार नव्हते. भावानं ते आणून आप्पांच्या हातात ठेवले.

निपाणी मागं पडली. तंबाखूच्या वखारींचं हे गाव रात्री शांत झोपलेलं असतं. पुढं यमगर्णीला वेदगंगेचा पूल लागतो. भावानं खाली बोट दाखवलं. "इथं पाणी आलं होतं." ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण कुणी विसरलेलो नाही. तिकडं शिरोलीजवळ पंचगंगा महामार्गावर आली आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली. भाऊ तेव्हा पुण्याहून येत होता आणि किणीच्या टोलनाक्याजवळ अडकला. मैलच्या मैल ट्रकची रांग. दुसऱ्या दिवशी त्याच्या मोबाईलची बॅटरी संपली, रेंजही येऊन-जाऊन. टीव्हीवर सारखं पाणीच पाणी दाखवत होते.

आमची भावजय बैलहोंगलची. माहेर कन्नड, सासर मराठी, आणि काळजी दोन्ही भाषांतली. त्या चार दिवसांत तिनं काय केलं असतं कोण जाणे. पण मालकांनी ड्रायव्हरांच्या घरच्यांनाही गाडी कुठं आहे ते मोबाईलवर बघायची सोय करून दिली होती. नकाशावर एक ठिपका. गाडी चालू असली की हिरवा, उभी असली की लाल. ठिपका किणीला लाल होऊन उभा होता. नदीपासून लांब, उंचावर. भावजय तास-तासाला बघायची आणि म्हणायची, "इद्दारे, अल्लेs इद्दारे." आहेत, तिथंच आहेत. एरवी लाल ठिपका म्हणजे खोळंबा. त्या आठवड्यात तो लाल ठिपकाच आमचा धीर होता.

त्या वेळी आणखी एक गोष्ट झाली. मालाबरोबर ई-वे बिल असतं, त्याला मुदत असते. तेव्हा शंभर किलोमीटरला एक दिवस असा हिशेब होता, २०२१ पासून तो दोनशे किलोमीटरला एक दिवस झाला. मुदत संपली आणि गाडी तपासणीत सापडली तर दंड, आणि गाडी अडकून पडते ती ड्रायव्हरसकट. भावाचा फोन बंद होता तरी गाडी कुठं उभी आहे हे मालकांना दिसत होतं. त्यांनी ऑफिसात बसूनच मुदत वाढवून घेतली. भाऊ म्हणतो, "मला गावकऱ्यांनी आणून दिलेला भात आणि ही वाढवलेली मुदत, दोन्हीचं सारखंच अप्रूप वाटलं."

कोगनोळीचा नाका आला. एके काळी इथं ट्रकच्या रांगा लागत. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर विक्रीकराच्या नाक्यांची ती कटकट संपली आणि २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यानं टोललाही गाडी फारशी थांबत नाही. दूधगंगा ओलांडली की कर्नाटक संपून महाराष्ट्र सुरू. बाहेर काही बदलत नाही. तोच ऊस, तीच माती, धाब्यावर तशीच भाकरी. फक्त पाट्यांची लिपी बदलते.

पण कधी कधी सगळंच बदलतं. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पेटला तेव्हा हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली आणि तिकडं पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं. भावाच्या गाडीचा नंबर केए २२. आतला माणूस मराठी बोलतो की कन्नड, हे दगडाला कसं कळणार? तो तेव्हा साताऱ्याजवळ होता. मालकांनी सातही ठिपके एका पडद्यावर बघितले आणि ज्याला त्याला फोन करून सांगितलं, तू अमक्या पंपावर थांब, तू मागं फिर, तू आहेस तिथंच झोप. सातही गाड्या धडपणे घरी आल्या. आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांना ह्याची किंमत निराळी सांगायला नको.

कागल गेलं आणि बरोबर तेव्हाच भावाचा फोन वाजला. त्यानं गाडी बाजूच्या मोकळ्या जागेत घेतली, उभी केली आणि मगच उचलला. आप्पा! रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

"ठिपका कागलच्या पुढं गेला. आक्का झोपली काय?"

"नाही, बसलीया बडबडत."

"बरं. चला सावकाश."

एवढंच. भाऊ म्हणाला, "रोजचं आहे. कागल पार झालं की फोन करून मग झोपतात. ठिपका लाल झाला की माझा फोन वाजतो. चालू असताना घरचं कुणी करत नाही. हिनंच नियम घालून दिलाय. आधी ही दर तासाला विचारायची, कुठं आहात, ऊटा आतेन्री? मी एका हातानं स्टीअरिंग धरून उत्तर द्यायचो. आता तिला विचारायची गरजच पडत नाही." मला वाटलं, ह्या डबीचे फायदे मोजताना हा पहिला धरायला हवा. घरच्यांच्या काळजीच्या फोनमुळं किती अपघात झाले असतील, त्याचा हिशेब कोण ठेवतो?

कऱ्हाडजवळ गाडी एका मोठ्या पंपावर लावली. इथं त्याची झोप. "आता दोन तास. मालकांचा नियम आहे. सलग पाच तासांच्या वर चाक फिरलं तर ऑफिसातून फोन येतो, की थांब." हे काही नवं नाही, बरं का. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच लिहून ठेवलं होतं, की पाच तास कामानंतर निदान अर्धा तास विसावा, आणि दिवसाला आठ तास काम. आप्पांनी तीस वर्षांत त्या कायद्याचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. कोण किती तास चालवतो हे सांगणारं काही नव्हतंच. आता आहे.

पण इथंच भावानं मला दुसरी बाजूही सांगितली. आणि ती सांगितली नाही तर हा लेख म्हणजे डबी विकणाऱ्याची जाहिरात होईल. पंपावर त्याचा एक ओळखीचा ड्रायव्हर भेटला. त्याच्याही गाडीत अशीच डबी. पण त्याचे मालक ठिपका लाल झाला की दहा मिनिटांत फोन करतात, "का थांबलास?" जेवायला बसला तरी फोन, झोपला तरी फोन. वेळेत पोचला नाही तर भत्ता कापतात. आणि हॉल्टिंगच्या वेळी त्यानं नोंद मागितली तर म्हणतात, ते ऑफिसचं आहे, तुला कशाला पाहिजे? तो माणूस हसत म्हणाला, "आक्का, तुमच्या भावाला साक्षीदार मिळाला, मला पोलीस मिळाला. डबी एकाच कंपनीची आहे."

त्यावर मला उत्तर सुचलं नाही. पहाटेपर्यंत त्याच्या बोलण्याचाच विचार करत राहिले. नोंद दोघांची असते. ड्रायव्हर कुठं चुकला हे ती सांगते, तशीच त्याला किती वेळ तिष्ठत ठेवला हेही सांगते. ती एकट्या मालकाच्या कपाटात राहिली तर तिची अर्धीच पानं वाचली जातात. भावाच्या मालकांनी एक साधी गोष्ट केली. दर महिन्याला प्रत्येक ड्रायव्हरला त्याच्या नोंदींचा कागद हातात दिला. किती किलोमीटर, किती तास, कुठं किती खोळंबा, वेगाची मर्यादा किती वेळा ओलांडली. ज्याचा कागद स्वच्छ त्याला दिवाळीला बक्षीस. वायर उपटणारा तो ड्रायव्हर अजून त्यांच्याकडंच आहे आणि आता कागद मिळायला दोन दिवस उशीर झाला तर तोच मागायला जातो.

झोपेतही डबी जागी असते, हे मी त्याच रात्री बघितलं. टाकीत डिझेल किती आहे ते मोजणारं एक उपकरण तिला जोडलेलं आहे. गेल्या वर्षी अशाच एका पंपावर भाऊ झोपलेला असताना कुणीतरी टाकीत नळी घातली. डिझेल एकदम उतरायला लागलं तसा ऑफिसात इशारा गेला आणि तिथल्या मुलानं फोन करून भावाला उठवलं. चोर पळाले. भावानं मला नळीचे ओरखडे दाखवले. मला आप्पांचं कापलेलं डिझेल आठवलं.

तीनला पुन्हा निघालो. सातारा गेला, खंबाटकीचा बोगदा आला. साताऱ्याकडून पुण्याला जाताना बोगदा लागतो, पुण्याहून येणाऱ्यांना तेव्हा घाटाचा रस्ता होता. बोगद्यात आभाळ दिसत नाही, त्यामुळं डबीला उपग्रहांचं ऐकू येत नाही. ठिपका क्षणभर जागच्या जागी थबकतो. पहिल्या पहिल्यांदा आप्पा घाबरायचे म्हणे. आता त्यांना पाठ आहे. बोगदा संपल्यावरचा उतार आणि वळणं वाईट. भावानं दोन्ही हात स्टीअरिंगवर घट्ट धरले आणि बोलणं बंद केलं. मीही देवाचं नाव घेतलं.

पुण्याच्या दारात कात्रजचा नवा बोगदा आणि तिथून नवले पुलापर्यंतचा लांबलचक उतार. ह्या उतारानं किती जीव घेतले! २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री इथं एका अवजड वाहनानं पुढच्या चाळीसहून अधिक गाड्यांना ठोकरलं होतं. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची, कधी इंजिनच बंद करायचं, ही जुनी खोड. अशा वेळी इंजिनाचा अटकाव जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी होतात. इंजिन बंद करून ब्रेक मारत राहिलं तर त्याची हवाही उतरत जाते. भाऊ म्हणाला, "मीपण टाकायचो पूर्वी न्यूट्रलमध्ये. चार पैसे वाचतात ना. पण ह्या डबीत इंजिन चालू-बंद दिसतं, वेग दिसतो. मालकांनी बोलावून घेतलं, ओरडले नाहीत. म्हणाले, 'डिझेल माझं जळू दे, तू घरी पोच.'" त्यानं गिअर खाली घेतला. गाडी गुरगुरत, सावकाश, शहाण्या बैलासारखी उतार उतरली.

उजाडता उजाडता त्यानं मला वाकडला उतरवलं. पिशवी हातात देत म्हणाला, "आप्पांना फोन करू नको, त्यांनी बघितलं असणार." खरंच, पाच मिनिटांत आप्पांचाच मला फोन. "वाकडला लाल झाला. उतरलीस नव्हं?"

आठवड्यानं मी बेळगावला परतले. त्या दिवशी भाऊही घरी होता. जेवणं झाल्यावर आप्पांनी जरा चाचरतच विचारलं, "तवंदीत किती वेळ लागला रे?" भावानं मोबाईल काढला, त्या रात्रीची वाट उघडली. नकाशावर निळी रेघ, घाटाच्या प्रत्येक वळणाशी वळलेली. एका टोकाला घाट सुरू झाल्याची वेळ, दुसऱ्या टोकाला संपल्याची. आप्पांनी चष्मा पुसला, मोबाईल डोळ्यांजवळ धरला आणि रेघेवरून बोट फिरवत कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "इथं उभा होतो मी. ह्या वळणावर." आई गेली त्याला आता सहा वर्षं झाली. ती असती तर तिनंही ते वळण बघितलं असतं.

सत्याऐंशी सालची ती नऊ तासांची रेघ कुणीच काढून ठेवली नाही, ती आता निघायची नाही. पण आज ज्यांच्या गाड्या रस्त्यावर आहेत त्या मालकांना एक विनंती करावीशी वाटते. तुमच्या ड्रायव्हरची नोंद महिन्यातून एकदा त्याच्याही हातात द्या, आणि त्याच्या घरी ठिपका दिसू द्या. आणि ज्या घरांतली माणसं ट्रकवर आहेत त्यांनी, मालकांनी दिली नाही तर, नोंद मागून घ्यावी. मागायला लाजू नये.

हे लिहिता लिहिता रात्रीचे साडेअकरा झाले. भाऊ आज पुन्हा चाकणला निघालाय. बाहेरच्या खोलीतून आप्पांचा आवाज आला, "ठिपका कागलच्या पुढं गेला गं." आता ते झोपतील.